गालावरचे चार ठिपके

मालननं दाढ उपटून घेतली ती दशरथला न विचारता.

भांडुप स्टेशनाबाहेर एक दातवाला चटई पसरून बसायचा. पुढ्यात बरणीभर उपटलेले दात, मागे फडक्यावर रंगवलेला हा भलामोठा जबडा. मालनची उजवीकडची खालची दाढ महिनाभर हलत होती. घास आला की टोचायची, गार पाणी लागलं की मस्तकात जायची. एका सकाळी बाजाराला म्हणून गेली, दातवाल्यासमोर बसली, त्यानं चिमटा घातला आणि दोन मिनिटांत मोकळी केली. घरी येऊन मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या आणि बांगड्याचं तिखलं चुलीवर टाकलं. दशरथला कळलं ते जेवायला बसल्यावर, बायको एकाच बाजूनं चावते आहे हे बघून. तो म्हणाला, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, दाढ माझी, त्यात तुम्हाला काय सांगायचं.

ही शिमग्यातली गोष्ट. नारळी पुनव जवळ आली तरी त्या दाढेचा खड्डा भरायचं नाव घेईना. उलट आत काहीतरी पांढरं, टणक, नख लावलं तर टिचटिच वाजणारं दिसायला लागलं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. भात कालवून, पेज करून ती पोट भरायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं वावरायची. मुलगी प्रेमा लग्न होऊन मुलुंडला दिलेली. ती नागपंचमीला आली, आईजवळ बसली आणि थोड्या वेळानं बापाला बाहेर बोलावून म्हणाली, "बाबा, आयेच्या तोंडाला वास येतोय. मागच्या वेळेला यायचा तसा."

मागच्या वेळेला म्हणजे तेरा वर्षांपूर्वी. गोदीत तो धडाका झाला, अर्धी मुंबई हादरली, त्या साली. तेव्हा परब मंडळी लालबागला राहायची, दशरथ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. मालनच्या गालाला आतून चट्टा पडला होता, मिश्रीमुळे म्हणाले. परळच्या हॉस्पिटलात नेली तर डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. त्या वेळी हा शब्द कोणी तोंडानं काढत नसे, चाळीतल्या बायका 'तो आजार' म्हणायच्या आणि पाण्याचा तांब्या लांब ठेवायच्या. पाच आठवडे रोज सकाळी मालननं तिथे विजेचा शेक घेतला. मशिनीचा शेक, दिसत नाही, भाजत नाही, पण आतलं सगळं जाळून काढतो. गालाची कातडी काळी पडली, गळ्यापर्यंत सोलवटली, दोन महिने गिळता येईना. आणि मग हळूहळू चट्टा गेला. गेला तो गेलाच.

दशरथ नवस बोलला होता. नारळी पुनवेला वरळीच्या समुद्रावर जाऊन त्यानं नारळ सोडला आणि नारळाला बांधून हॉस्पिटलचे सगळे कागदही सोडले. कार्ड, चिठ्ठ्या, फोटोची काच, सगळं. पीडा घरात कशाला ठेवायची, असा हिशेब. पुडकं लाटेवर दोनदा वरखाली झालं आणि गेलं. घरी येताना त्यानं अर्धा शेर पेढे घेतले होते.

प्रेमाचं ऐकून दशरथनं दुसऱ्या दिवशी मालनला चाळीखालच्या डॉक्टराकडे नेलं. तो तरुण माणूस, सरळ बोलायचा. त्यानं आत बत्ती मारून बघितलं, जुना आजार ऐकला आणि हात धुवायला उठला. म्हणाला, ते पांढरं दिसतंय ते हाड आहे, उघडं पडलंय. आजार उलटलाय की त्या शेकानं हाड मेलंय, हे मला नाही सांगता येणार. शेक घेतलेलं हाड कळणारा माणूस वेगळा असतो. परळच्या त्याच हॉस्पिटलात डॉक्टर कोठारे आहेत, जबड्याचंच बघतात, चिठ्ठी देतो. आणि दातवाल्याकडे कोणी पाठवलं होतं, विचारलं त्यानं. मालन भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली.

कोठाऱ्यांच्या खोलीबाहेर बाकावर दोघं बसली तेव्हा दशरथला एकदम तो जुना जिना ओळखीचा वाटला. याच जिन्याखाली तो पाच आठवडे बसला होता. रात्रपाळी करून यायचा, मालन आत जायची, हा बाकावर पेंगायचा, ती बाहेर आली की दोघं चालत घरी. आत खोलीत काय होतं ते त्यानं कधी बघितलं नाही. नवऱ्यांना आत सोडत नसत, आणि सोडलं असतं तरी तो गेला नसता.

कोठारे पन्नाशीचे, टक्कल पडलेले, आवाज मऊ. त्यांनी मालनला खुर्चीत बसवलं, पदर बाजूला करायला लावला, दाबून बघितलं, वास घेतला. गालावर एक जागा लाल होऊन चिघळली होती, तिथून बारीक पू यायचा. आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला, जबड्याचा फोटो काढायला सांगितलं आणि विचारलं, पूर्वीचे कागद आणलेत का.

दशरथ म्हणाला, नाहीत साहेब.

हरवले?

दशरथला एक खोड होती. कोणीही काहीही विचारलं की हा आधी बोलायचा, मग विचार करायचा. चौथी नापास माणूस, पण भांडुपच्या चाळीत त्याला सगळे वकील म्हणायचे. खोड गिरणीतली. साच्यांच्या खडखडाटात जॉबर, खात्याचा मुकादम, येऊन विचारायचा, धागा कोणी तोडला, पाळी कोणाची, माल किती निघाला. जो गप्प राहील त्याच्या माथी खापर. म्हणून खरं असो खोटं असो, उत्तर मोठ्यानं आणि लगेच द्यायचं. पंचवीस वर्षं साच्यावर काढली, मग ही सवय कुठे जाते. आता भांडुपला कारखान्याच्या गेटवर पहारा करायचा तरी तसाच. पण इथे मात्र त्याची जीभ जरा अडली.

"समुद्रात सोडले," तो म्हणाला.

कोठाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. रागावले नाहीत. असं ऐकायची त्यांना सवय असावी. खाली दप्तरात जुनी बुकं आहेत म्हणाले, नंबर सांगा, काढून आणतील. नंबर पण समुद्रातच होता. महिना, साल, नाव यांच्यावरून शोधायचं तर कारकुनाला पंधरा दिवस लागतील. त्या साली नावं कोणी कशी लिहिली असतील देव जाणे, मालन, मालनबाई, मालती. तरी त्यांनी चिठ्ठी लिहून खाली पाठवली.

आठ दिवसांनी गुरुवारी परत बोलावलं. नर्सनं मालनला जखम धुवायला आतल्या खोलीत नेलं आणि डॉक्टरांनी दशरथला समोर बसवलं. टेबलावर जबड्याचा फोटो होता. काळ्या काचेवर पांढरं हाड, आणि हाडाला एका जागी वाळवी लागल्यासारखी भोकं.

डॉक्टर सावकाश सांगत गेले. तुकड्यात आजार सापडला नाही. पण तो खोल असला तर वरच्या तुकड्यात सापडत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. आता दोन वाटा. हे हाड शेकाच्या टापूत असेल, तर ते शेकानं मेलंय. शेक घेतलेल्या हाडातलं रक्त आटतं, वर्षानुवर्षं ते गप्प पडून राहतं, आणि दात उपटला की खड्डा भरायची ताकदच त्याच्यात नसते. तसं असेल तर सुरी लावायची नाही. सुरी लावली तर तीही जखम भरणार नाही. आणि हाड टापूच्या बाहेर असेल, तर मग ते शेकानं मेलेलं नाही, आजारानं खाल्लंय, आणि उजवा जबडा कापून काढावा लागेल, तोही लवकर.

"म्हणून विचारतो," कोठारे म्हणाले. "शेक नक्की कुठे दिला होता? गालावर वर, की जबड्यावर, की गळ्यावर?"

"गळ्यावर, साहेब," दशरथ म्हणाला.

"नक्की? जबड्यावर नाही?"

"नक्की. गळाच सोलवटला होता. मलम मी लावायचो."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, बुक सापडलं नाही तर सोमवारी भरती करा. मंगळवारी करून टाकू.

जबडा काढल्यावर माणूस कसा दिसतो ते दशरथनं बाहेर बाकावर पाहिलं होतं. एक मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, एका बाजूला तोंडाचं काहीच नाही, लाळ पुसायला मांडीवर रुमालांची चळत. नजर मात्र साफ होती त्यांची. त्यांनी दशरथला जरा सरकून जागा दिली होती.

दोन दिवस तो घरात बोललाच नाही. गेटवर उभा राहायचा, येणाऱ्या ट्रकांना सलाम ठोकायचा, घरी येऊन भिंतीला टेकायचा. चाळीतले म्हणाले, वकिलाला काय झालं. मालन बघत होती. तिचं आपलं चाललेलं, तांदूळ निवड, पेज ढवळ, खिडकीत वाळत घातलेले सुके बोंबील मांजरापासून राख. तोंडाला पदराचा बोळा.

शनिवारी दुपारी तिनं पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि समोर बसली. घरात दोघं मालवणीच बोलायची.

"काय सांगल्यान डॉक्टरान?" तिनं विचारलं.

त्यानं सांगून टाकलं. सगळं. हाड, दोन वाटा, सोमवार. सांगताना तिच्याकडे न बघता तो चुलीकडे बघत होता.

मालननं ऐकून घेतलं. जबडा कापणार म्हटल्यावर तिनं नुसती मान हलवली, जशी काय कोणी लग्नाची तारीख सांगितली. मग तिच्या कपाळाला एक आठी पडली.

"शेक गळ्यार दिल्यानी, असा कोणी सांगल्यान तेंका?"

"मी."

"तुमी खंय होतात?"

"बाकार."

मालननं त्याच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांचा संसार, त्या बघण्यात काय काय होतं ते दशरथला सगळं वाचता आलं. मग ती उठली, भांडं उचललं.

"सोमवारी माका घेऊन चला," ती म्हणाली. "मी बोलतलंय. तुमी तोंड उघडायचा नाय. माज्याकडे लिवलेला आसा सगळा."

आता मालनला अक्षराची ओळख नाही. लिहिलेलं कुठून आणणार? ती पाण्याला गेली तेव्हा दशरथनं ट्रंक उघडून तळापर्यंत बघितली. प्रेमाची बारशाची कुंची, लग्नातलं पातळ, गावच्या देवाचा अंगारा. कागद म्हणाल तर एकच, रेशनचं कार्ड.

सोमवारी कोठाऱ्यांच्या खोलीत शिरल्या शिरल्या दशरथ बोलायला गेला आणि मालननं त्याच्या कोपराला चिमटा काढला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, तोही परक्या माणसासमोर. डॉक्टर खाली बघून हसले. बुक सापडलं नव्हतं, कारकून अजून शोधत होता.

"बाईंना बोलू द्या," डॉक्टर म्हणाले.

मालननं पदर सोडला. उजवा गाल डॉक्टरांपुढे केला आणि बोट ठेवलं. कानाच्या पाळीखाली एक हिरवा ठिपका होता, गोंदणाचा. दुसरा ओठाच्या कोपऱ्याजवळ. तिसरा हनुवटीच्या कडेला आणि चौथा मागे, जबडा वळतो तिथे. पू यायचा ती जागा बरोबर मधोमध.

असे ठिपके कोणाच्या गालावर नसतात? गावाकडच्या दर दुसऱ्या बाईच्या असतात. मालनच्या हनुवटीवरही तीन होते, लहानपणी आजीनं गोंदवून घेतलेले. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून ते बघितले होते आणि त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

ती तुटक तुटक बोलली, तोंड उघडत नव्हतं म्हणून, पण थांबली नाही. त्या वेळी शेक द्यायच्या आधी आतला माणूस जांभळ्या औषधानं गालावर चौकट आखायचा. चौकटीतच शेक पडायचा. पुसायची नाही, पाणी लावायचं नाही, अशी ताकीद. पण दिवस वैशाखाचे, घामानं सकाळी आखलेलं संध्याकाळी पुसट व्हायचं. दोनदा तो माणूस ओरडला. म्हणाला, रेघ पुसली आणि शेक हलला तर डोळा जाईल, मग माझ्या नावानं रडू नका. डोळा जायचं भय मालनला आजारापेक्षा जास्त होतं. शिवणकामावर चार आणे मिळायचे तिला. मग तिला सुचलं ते तिनं केलं. लालबागच्या बाजारात गोंदणारीण बसायची. रेघा दिसत होत्या तोवर तिच्याकडे गेली आणि चौकटीचे चार कोपरे गोंदवून घेतले. कातडी आधीच हुळहुळी झालेली, सुई लागली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दुसऱ्या दिवशी आतला माणूस बघून हसला, आणि त्यानंतर रोज ठिपक्याला ठिपका जोडून आखायचा. पुन्हा कधी ओरडला नाही.

"गळ्यार शेक नाय," मालन म्हणाली. "गळ्यार निसती झळ लागली. शेक हेच्या आत."

कोठाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून डोळे तिच्या गालाला लावल्यासारखे जवळ नेले. मग त्यांनी नर्सला बोलावलं. शिशाचे चार बारीक मणी आणवले, चिकटपट्टीनं चार ठिपक्यांवर एकेक लावला आणि मालनला परत फोटोला पाठवलं.

दशरथ बाकावर जाऊन बसला. तोच बाक.

त्याला ते गोंदण आठवत होतं. चांगलं आठवत होतं. रात्रपाळीहून आला होता, आणि बायको गाल सुजवून, ताजे हिरवे ठिपके घेऊन बसलेली. तो खवळला होता. मरायला टेकलीस आणि नटायचं सुचतंय तुला, असं बोलला होता. चाळीतल्या चार बायकांसमोर. मालन त्या वेळी काही बोलली नाही. त्याला वाटलं, लाजली. त्यानंतर तेरा वर्षांत त्यानं ते ठिपके रोज बघितले, जेवताना, निजताना, भांडताना, आणि दर वेळी मनात थोडंसं चिडला. एवढंच त्याला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

फोटो ओला होता तोच कोठाऱ्यांनी खिडकीशी धरला. दोघांना जवळ बोलावलं. चार मण्यांचे चार पांढरे डाग, आणि वाळवी लागलेलं हाड त्यांच्या आत. सगळंच्या सगळं आत, एक बाजूही बाहेर नाही.

"हे शेकाचं," डॉक्टर म्हणाले. "आजाराचं नाही. सुरी नाही लावायची."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं, रोज दोनदा औषधाच्या पाण्यानं धुवायचं, दर पंधरा दिवसांनी इथे दाखवायचं. मेलेलं हाड आपणहून सुटं होतं, सहा महिने लागतील, वर्ष लागेल, ओढायचं नाही. पुन्हा कधी त्या बाजूच्या दाताला कोणाला हात लावू द्यायचा नाही. आणि मिश्री?

"सोडली," मालन म्हणाली.

दशरथला चुलीमागची डबी ठाऊक होती. तो तोंड उघडणार होता, पण त्याला तंबी होती. मालननं त्याच्याकडे तिरकं बघितलं आणि मग तीच म्हणाली, "आजपासना सोडली."

परळहून निघाल्यावर नाक्यापर्यंत दोघं चालत आली. दशरथला बरंच काही बोलायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, की तेव्हाच का नाही सांगितलंस.

"तुमी इचारल्यात खंय?" मालन म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, आणि रस्ता ओलांडायला त्याचा दंड धरला.

हाड माघात सुटलं. सकाळी ती तोंड धूत असताना तांब्यात टिणकन वाजलं. चिंचोक्याएवढा तुकडा, करडा, कडेला खरखरीत. मालननं तो धुऊन पुसून दशरथच्या तळहातावर ठेवला. दशरथच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हेच, की खाडीवर जावं, नारळ घ्यावा. मालनला ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"समुद्रात नाय," ती म्हणाली. "डॉक्टराक देवचा."

डॉक्टरांना दिला. त्यांनी तो बाटलीत घातला आणि वर चिठ्ठी चिकटवली. त्यांच्यापाशी जुनं बुकही येऊन पडलं होतं, कारकुनाला शेवटी सापडलं, 'मालिनी परब' नावाखाली. त्यात चेहऱ्याचं चित्र होतं आणि चित्राच्या गालावर चौकट. तीच. डॉक्टरांनी नवं कार्ड करून दशरथच्या हातात दिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, परब, हे मात्र सांभाळा.

सांभाळायचं म्हणजे कसं, यावर दशरथनं दोन दिवस विचार केला. ट्रंकेत ठेवलं तर कसर लागेल. देवाजवळ ठेवलं तर उंदीर. त्याच्याजवळ ठेवलं तर, त्यालाच ठाऊक होतं. मुलुंडच्या बाजारात एक गोंदणारीण बसायची. प्रेमाकडे म्हणून गेला तो तिच्यापुढे मांडी घालून बसला आणि बाही वर केली. दंडावर मारुती होता, गिरणीत लागला त्या साली गोंदलेला, आता जरा ढिला पडलेला. बाई म्हणाली, मारुतीखाली कोणाचं नाव घालू, बायकोचं?

दशरथनं खिशातनं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.

"नाव नको," तो म्हणाला. "हा आकडा घाल. सावकाश घाल, चुकवू नको."

घरी आला तेव्हा दंड सुजला होता. मालननं बाही वर करून बघितलं. आकडे तिला वाचता येत नव्हते, पण हॉस्पिटलच्या कार्डावरची ती वळणं तिनं ओळखली. खोबरेल आणायला उठली. उठता उठता म्हणाली, या वयात नटायचं सुचतंय तुम्हाला.